एकेचाळीस मिनिटांची सत्तावन्न मिनिटं

१० सप्टेंबर १९९५, रविवार

आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. उद्या एखादा चरित्रकार चौसाळ्याला आलाच तर त्याचे हाल होऊ नयेत, एवढंच.

डायरी बियाण्याच्या कंपनीची आहे, अप्पांना दुकानात कोणीतरी फुकट दिलेली. प्रत्येक पानाच्या तळाला शेतीचा सल्ला छापलाय. आमचं कापडाचं दुकान आहे, शेत नाही. जानेवारी ते ऑगस्टची पानं कोरी सोडली. मोठ्या माणसांची सुरुवातीची पानं कोरीच असतात. माझं वय सत्तावीस.

संकल्प. पहाटे पाचला उठणे. कॉस्टिंगचा राहिलेला पेपर काढून बी.कॉम. पुरं करणे. शिवानीशी (बहीण, बारावी सायन्स, अतिशहाणी) वाद न घालणे. दिवाळीच्या आत चौसाळा सोडणे.

तळाचा सल्ला: बोंडअळीकडे लक्ष ठेवा. ठेवतो.

११ सप्टेंबर, सोमवार, सकाळी ९.४०

उठलो. हायवेवर ट्रकांचे हॉर्न फार. शिवाय विचार करणाऱ्या माणसाला झोप जास्त लागते, हे कुठेतरी वाचलंय. पाचचा संकल्प हिवाळ्यापासून.

१३ सप्टेंबर, बुधवार

वीरेशचं पत्र. वीरेश म्हणजे पुण्याच्या हॉस्टेलवरचा माझा रूम पार्टनर, मूळ लातूरचा. तो पास झाला, आता कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याचा भाऊ कंपनीतर्फे इंग्लंडला गेला होता. येताना त्याने द पेल टेनंट्सचा नवा अल्बम आणलाय. सहा वर्षांनी नवा अल्बम. हे वाक्य लिहिताना पेन थरथरलं, तशी नोंद करून ठेवतो.

चरित्रकारासाठी: द पेल टेनंट्स हा इंग्लंडचा बँड. मराठीत फिकट भाडेकरू. चार माणसं, चारही काळ्या कोटात, बंद पडलेल्या गिरण्यांच्या गावची. १९७९ पासून वाजवतात. त्यांच्या संगीताला पोस्ट-पंक म्हणतात. पंकवाले ओरडून ओरडून दमले, त्यानंतर जे शांतपणे वैतागले त्यांचं हे संगीत. सेकंड इयरला असताना एका दुपारी खोली नंबर चौदामध्ये वीरेशने त्यांची कॅसेट लावली, आणि मी कॉमर्समधून मनाने बाहेर पडलो. शरीराने तीन वर्षांनी पडलो.

वीरेशने लिहिलंय: एकदम मस्त आहे, ऑफिसच्या पार्टीत सगळे नाचले. वीरेश कशावरही नाचतो. मेसची घंटा झाली तरी नाचायचा. त्याचं मनावर घेतलं नाही. कॅसेट रजिस्टर पोस्टाने पाठवतोय, महिन्याभरात परत कर म्हणतो.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

योग जुळून येतात ते असे. पुण्याच्या 'सूरपत्र' मासिकात चौकट आली आहे. पाश्चात्य संगीतावर नवं सदर काढतायत, त्यासाठी कचेरीत पूर्ण वेळ माणूस हवा. नमुना म्हणून एखाद्या नव्या अल्बमचं परीक्षण १६ ऑक्टोबरपर्यंत पोचलं पाहिजे. अख्ख्या मराठवाड्यात फिकट भाडेकरूंचा नवा अल्बम ऐकलेला माणूस मी एकटा असणार. निवड झाल्यात जमा.

अप्पांना सांगितलं. अप्पा शर्टपीस मोजत होते. म्हणाले, गान्याचं परीक्षन म्हंजे काय करायचं असतंय. मी म्हणालो, ऐकायचं आणि लिहायचं. अप्पा म्हणाले, लोकं ऐकतेतच की, मंग लिवायचं कावून. यावर उत्तर होतं. दिलं नाही, कारण समोर गिऱ्हाईक होतं.

मग त्यांनी आपली बातमी काढली. एसटीडी-पीसीओचं लायसन मंजूर झालंय. दुकानाला लागून जी खोली आहे तिथे काचेची केबिन बसणार. पिवळा बोर्ड रंगवायला टाकलाय. दिवाळीच्या पाडव्याला उद्घाटन, आणि आत बसायचं मी. सकाळी आठपासून. रोज. मी म्हणालो, पाडव्याला मी पुण्यात असेन. अप्पा म्हणाले, तसं कागद आलं तर खुशाल जाय बाबा, न्हाई आलं तर गुमान बूथात बसायचं. मी हो म्हणालो. इतक्या सोप्या अटीवर कोणी सुटलं नसेल.

२१ सप्टेंबर, गुरुवार

गावाला वेड लागलंय. महादेवाच्या देवळातला नंदी दूध पितोय म्हणे. आई, अप्पा, शिवानी, शेजारपाजार, सगळे चमचे घेऊन गेले. दुकान बंद. मी गेलो नाही. माणसाला जे पाहायचं असतं तेच दिसतं. मला पुरावा लागतो.

सायंकाळी ५.१५

गेलतो. रांग मोठी होती. माझ्या चमच्यातलं अर्धं प्यायला.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

कॅसेट नाही. पोस्टमन धर्मराजला दिवसातून दोनदा विचारतो. आज तो म्हणाला, संगमेशराव, तुमची कॅसेट हाय का नवरी. मी त्याला समजावलं की हा चौसाळ्यातून बाहेर पडण्याचा माझा एकमेव मार्ग आहे. तो म्हणाला, यष्टी बी हाय की.

काचवाले येऊन केबिनचं माप घेऊन गेले. माझी उंची विचारत होते. सांगितली नाही. अप्पांनी सांगितली.

कॉस्टिंगचं पुस्तक काढलं. धूळ झटकली. शिंका आल्या. ठेवलं.

३ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा

घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा. कात्री, लोखंडी मीटरपट्टी, आईचं शिलाई मशीन, अप्पांची लुना, आणि टेपरेकॉर्डर. टेपरेकॉर्डर अप्पांचा आहे. पहाटे त्यावर महाराजांच्या शिवनामाची कॅसेट लागते, म्हणून त्याला घरात जवळपास माणसाचा मान. आईने त्याच्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. शिवानीने झाकण उघडून आतूनही पुसून घेतला होता. ते झाकण उघडंच होतं.

मी म्हणालो, विजेच्या वस्तूची पूजा करणारा देश कधी पुढे जाणार. आई म्हणाली, तू आदी नारळ फोड. फोडला. रागातच फोडला, त्यामुळे चांगला फुटला. पाणी सगळ्या यंत्रांवर शिंपडायचं असतं. लुनावर थोडं, मशीनवर थोडं. टेपरेकॉर्डरवर जरा जास्त गेलं, कारण मी तेव्हा लोकांच्या अंधश्रद्धेवर बोलत होतो.

सोनं वाटायला गेलो नाही. लोकच घरी आले. सगळ्यांनी बूथबद्दल अभिनंदन केलं.

४ ऑक्टोबर, बुधवार

पहाटे महाराजांची कॅसेट फार जड आवाजात लागली. अप्पा म्हणाले, महाराजाचा घसा बसलाय का यंत्र बिघडलंय, बंकटला दाव. बंकट म्हणजे स्टँडजवळचा रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगवाला. शिवानी म्हणाली, मोटरचा स्पीड कमी झालाय. बारावी सायन्सचा हाच दोष, सगळीकडे स्पीड दिसतो.

मी त्यांना शांतपणे सांगितलं की देशी कॅसेट रोज लावून ताणली जाते, आणि टेप ताणली की आवाज ओढतो. यातलं मला कळतं. आई म्हणाली, ऱ्हाऊ द्या, उलट आता महाराज निवांत म्हनायलेत, समदं कळायलंय.

बंकटकडे यंत्र नेऊ दिलं नाही. तो आठ-आठ दिवस ठेवून घेतो. कॅसेट कधीही येईल.

६ ऑक्टोबर, शुक्रवार, दुपारी १२

आली. धर्मराजने सही घेतली आणि म्हणाला, घ्या, वरात आली.

अल्बमचं नाव 'फाइन वेदर, अॅट लास्ट'. कव्हरवर चौघे समुद्रकिनारी आइस्क्रीम खात हसतायत. रंगीत शर्ट. काळे कोट कुठेच नाहीत. कव्हर उलटून पाहिलं. मग लक्षात आलं, हा उपरोध आहे. एवढा मोठा उपरोध छापायला केवढी हिंमत लागते.

दुपारी २.३०

ऐकला.

काय लिहू. एवढा काळा, एवढा खोल अल्बम मी जन्मात ऐकला नव्हता. ड्रम असे पडतात की एक पडला की दुसरा पडेल का नाही याची काळजी लागते. गिटार रडत नाही, रडून झाल्यावर बसते तशी बसते. आणि गायकाचा आवाज. पूर्वी पोरसवदा होता. आता आडाच्या तळातून येतो. सहा वर्षांत या माणसाने काय सोसलं असेल देव जाणे.

दारात बसून ऐकत होतो. समोर हायवे. सोलापूरकडे जाणारे ट्रक, बीडकडे जाणाऱ्या जीपा, सगळे कुठेतरी चाललेले. गेली पाच वर्षं मी त्यांच्याकडे बघतो आणि वाटतं की मी एकटाच जाग्यावर राहिलो, माझंच काहीतरी चुकलं. आज पहिल्यांदा तसं वाटलं नाही. सात समुद्रांपलीकडे चार माणसं माझ्यासारखीच थांबली आहेत, आणि त्यांना त्याची लाज नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईने विचारलं, पोट दुकतंय का.

८ ऑक्टोबर, रविवार

अकरा वेळा ऐकला. एक विलक्षण शोध लागलाय. कव्हरवर अल्बमची लांबी छापली आहे, एकेचाळीस मिनिटं. मी घड्याळ लावून ऐकला. सत्तावन्न मिनिटं. पुन्हा लावून पाहिलं. सत्तावन्न.

शिवानी म्हणाली, मी तर चार दिवसांपासून सांगायलेय. ती कागदावर भागाकार करायला लागली. मी तिला म्हणालो, कलेत भागाकार नसतो. यात चूक काहीच नाही. त्यांनी मुद्दाम कमी छापलंय. एकेचाळीस मिनिटांत सत्तावन्न मिनिटांचं दुःख, ही त्यांची खूण आहे, ज्याला कळेल त्याला कळेल. परीक्षणाचा गाभा सापडला.

अप्पा पुन्हा बंकटचं म्हणाले. महाराजाचा आवाज पार पाताळात गेलाय म्हणे. मी म्हणालो, परीक्षण पोस्टात पडेपर्यंत यंत्राला कोणी हात लावायचा नाही. माझ्या आवाजात असं काहीतरी होतं की अप्पा गप्प बसले. किंवा त्यांना बोर्ड बघायला जायचं होतं.

११ ऑक्टोबर, बुधवार

परीक्षण पूर्ण. फुलस्केपची नऊ पानं. शब्दमर्यादा पाचशेची आहे, पण ती इतरांसाठी असणार. चरित्रकारासाठी काही भाग उतरवून ठेवतो:

"घाई हा या काळाचा गुन्हा आहे. नवी चॅनेल, नव्या गाड्या, नवे धंदे. जो तो पळतो आहे आणि कुठे ते कोणालाच माहीत नाही. अशा वेळी फिकट भाडेकरू चक्क थांबतात. त्यांचा ताल हा चालणाऱ्या माणसाचा नाही, वाट पाहणाऱ्या माणसाचा आहे. 'कम ऑन आउट, द सन इज ऑन द सी' ही ओळ गायक इतकी सावकाश म्हणतो की ओळ संपेपर्यंत तो सूर्य बुडालेला असतो. या अल्बमवर कोणी नाचू शकेल असं ज्याला वाटतं, त्याने एकदा डॉक्टरांना दाखवावं."

शेवटचं वाक्य वीरेशसाठी. मित्र असला म्हणून काय झालं.

आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, चांगलं हाय, पर इतकं वंगाळ वाटतंय तर ऐकतोस कावून. साधी बाई आहे. पण नंतर जवळ येऊन डोक्यावरून हात फिरवला. तो का फिरवला कळलं नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

बीडला जाऊन मोठ्या पोस्टातून पाठवलं. आपल्या पोस्टावर एवढी जबाबदारी टाकणं बरं नाही. येताना एक बॅग घेतली, निळी, चाकांची. चौसाळ्याच्या रस्त्यावर चाकं चालत नाहीत. पुण्यात चालतील.

१५ ऑक्टोबर, रविवार

बॅग भरली. स्वेटर, डिक्शनरी (शिवानीची), कॉस्टिंगचं पुस्तक. कॉस्टिंग परत काढलं. संपादकीय माणसाला कॉस्टिंग कशाला.

अप्पांना सुचवलं की बूथसाठी दुसरं माणूस बघा, ऐनवेळी अडचण नको. अप्पा म्हणाले, कागद आलं का. मी म्हणालो, येईल. अप्पा म्हणाले, मंग येऊ दे. नंतर बराच वेळ दुकानात आम्ही दोघंच होतो. एकदम म्हणाले, तू पुन्याला गेल्यावर तुज्या आईला करमायचं न्हाई. स्वतःबद्दल काही म्हणाले नाहीत. मला थोडं वाईट वाटलं. अल्बम लावला, मग जास्त वाटलं.

तळाचा सल्ला: ओल पाहून ज्वारीची पेरणी उरकून घ्या. उरकली.

१८ ऑक्टोबर, बुधवार

कागद नाही. बहुतेक मानधन ठरवत असतील.

केबिन आली. काचेची. तिच्यात उभं राहिलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. अप्पांनी मला आत उभं करून बाहेरून काहीतरी विचारलं. मी ओठांवरून ओळखलं. विचारत होते, कसं वाटतंय.

२० ऑक्टोबर, शुक्रवार, दुपारी १

कागद आलं. जसंच्या तसं:

"स. न. वि. वि. आपले परीक्षण मिळाले. सदरासाठी अन्य लेखकाची निवड झाली आहे. योगायोगाने त्यांनीही याच अल्बमवर लिहिले असून तो आमच्या कचेरीत सध्या रोज वाजत असतो. आपला लेख मात्र आम्ही सर्वांनी मिळून वाचला व पोट धरून हसलो. इतक्या आनंदी, नाचऱ्या अल्बमवर इतके सुतकी लिहिणे ही अस्सल विनोदी लेखकाची खूण आहे. आपली हरकत नसल्यास तो आमच्या 'हलकंफुलकं' पानावर कापून छापू. कळावे."

दुपारी ४

पाच वेळा वाचलं. यांना कान नाहीत. पुण्याच्या लोकांना कधीच नव्हते. ते कचेरीत कामाच्या गडबडीत ऐकतात, मी दारात बसून ऐकतो, फरक पडणारच. निवड झालेला लेखक वशिल्याचा असणार.

पण नाचऱ्या असं का लिहिलं असेल. वीरेशनेही तेच लिहिलं होतं.

बॅग पलंगाखाली सरकवली. चाकं असल्यामुळे सहज गेली.

२१ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. अप्पांनी न विचारता टेपरेकॉर्डर लुनावर बांधून बंकटकडे नेला. उद्घाटनाला महाराजांची कॅसेट नीट वाजायला पाहिजे म्हणाले. परीक्षणाचं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. धर्मराजने सांगितलं असणार. अप्पांनी काल जेवताना मला आपल्या ताटातली पोळी दिली, तेव्हाच मला शंका आली होती.

२२ ऑक्टोबर, रविवार, दुपारी ३

बंकटकडून यंत्र आणायला मी गेलतो. दुकानात जाताच तो म्हणाला, कुनी बे, यंत्रावर नारळ कुनी फोडला. मी म्हणालो, का. त्याने सांगितलं की आत पट्ट्यावर आणि चाकावर नारळाचं पाणी वाळून साखर बसली होती, वर विभूतीचा थर. चाक चिकटायचं, सुटायचं, चिकटायचं. तो म्हणाला, गानं कसं वाजायचं, म्हशीवानी वाजत असंल. दर दसऱ्यानंतर अशी दोन-तीन येतेत म्हणाला. चाक धुतलं, पट्टा नवा टाकला, आता टकाटक हाय.

मी विचारलं, साखर कुठे आहे. तो म्हणाला, कसली साखर. मी म्हणालो, निघालेली. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाला, संगमेश, च्या पितो का.

दुपारी ४.१०

घरी येऊन अल्बम लावला. एकेचाळीस मिनिटं. बरोबर एकेचाळीस.

ड्रम टपटप पळतायत. गिटार हसते. गायकाचा आवाज पोरसवदा आहे, पूर्वीहूनही कोवळा. सूर्य समुद्रावर आहे, बाहेर या, म्हणतोय, आणि खरंच बोलावतोय. कव्हरवरचं आइस्क्रीम खरं आहे. ते चौघे खुशीत आहेत. सहा वर्षांत त्यांचं चांगलं चाललंय.

शिवानी स्वयंपाकघरातून नाचतच आली. आईसुद्धा दारात उभं राहून म्हणाली, हे बरं हाय की, आदी कावून असं लावीत न्हवतास. पुढे दुकानात अप्पांनी बोटांनी गल्ल्यावर ताल धरला होता. घरात मी सोडून सगळ्यांना आवडला.

सायंकाळी ६

मी ऐकला तो अल्बम जगात कुठेच नाही. तो इंग्लंडमध्ये नाही, पुण्यात नाही. तो फक्त आमच्या घरात होता, सोळा दिवस, आणि मीच नारळ फोडून बनवला होता. माझ्यासारखी थांबलेली माणसं म्हणून ज्यांना समजलो होतो ती माणसं नव्हतीच. ती वाळलेली साखर होती.

मला त्यांची फार आठवण येते.

२३ ऑक्टोबर, सोमवार, लक्ष्मीपूजन

हार मानणार नाही. शास्त्रीय पद्धतीने प्रयत्न केला. झाकण उघडून कॅसेटच्या चाकावर बोट टेकवून धरलं. आवाज खाली आला, थोडा वेळ तोच आला, तोच आड, तोच तळ. पण बोट दोन मिनिटांत दुखतं, आणि दाब कमीजास्त झाला की गायक मध्येच उचकी दिल्यासारखा करतो. शिवाय स्वतःच धरून ठेवलेलं आहे हे कळत असतं. कळल्यावर मजा नाही.

मग पूजेच्या नारळाचं पाणी वाटीत काढून घेतलं. आई ओवाळण्यात होती. आधी एक चमचा. फरक नाही. दुसरा. फरक नाही. साखर वाळायला वेळ लागतो हे माहीत होतं, पण धीर धरवला नाही. वाटी ओतली. यंत्राने घर्र केलं आणि थांबलं.

पूर्ण थांबलं. एवढं सावकाश मलाही नको होतं.

पेन्सिलने फिरवून कॅसेट सोडवली. आईने वाटी पाहिली. धुऊन ठेवली. नंतर अप्पांना म्हणाली, लाइटचा झटका आला असंल.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

ग्रहण. घराबाहेर पडलो नाही. तसाही पडणार नव्हतो.

अप्पा यंत्र बंकटला दाखवून आले. मोटर गेली म्हणे.

कॅसेट परत पाठवण्यासाठी पाकीट केलं. सोबत वीरेशला चिठ्ठी: अल्बम छान आहे, नाचण्यासारखा. एवढंच लिहिलं. खोटं काहीच नाही त्यात.

'सूरपत्र'ला कार्ड लिहिलं: हरकत नाही, छापा.

२५ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

बूथ सुरू झाला. पिवळा बोर्ड लांबून दिसतो. निम्मं गाव आलं होतं. महाराजांची कॅसेट नव्हती, अप्पांनी स्वतःच शिवनाम म्हटलं. घसा बसला होता त्यांचा, पण म्हटलं.

आईने टेलिफोनच्या यंत्राला विभूतीचे तीन पट्टे ओढले. नारळ माझ्या हातात दिला. मी तो बाहेर पायरीवर नेऊन फोडला. आई म्हणाली, पानी शिपड की यंत्रावर. मी म्हणालो, नको. अप्पांनी फक्त हो म्हणून मान हलवली.

पहिलं गिऱ्हाईक भिवराबाई. म्हातारी आहे, शेजारच्या वाडीवरून चालत आली होती. तिचा मुलगा भिवंडीला मागावर कामाला आहे, त्याच्या मालकाचा नंबर कागदावर होता. मी लावून दिला. मुलगा आला लाइनवर. दोन वर्षांनी बोलत होते म्हणे.

केबिनचं दार तिने उघडंच ठेवलं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. ती फार सावकाश बोलते. एक शब्द, मग थांबते, काचेला हात लावते, दुसरा शब्द. म्हैस व्यालीय हे सांगायलाच तिला किती वेळ लागला. मग वेताची गोष्ट, मग रेडकाची, मग पावसाची. मध्येच नुसतीच गप्प उभी, रिसीव्हर कानाला, तिकडून तोही गप्प असावा. मीटरवर बिलाचे लाल आकडे पळत होते. मागे रांग, रांगेतले चुळबुळ करायला लागले. अप्पा माझ्याकडे बघत होते.

मी काच वाजवली आणि म्हणालो, मावशी, जरा भरभर बोला.